मोटरसायकलवरची कामं: गॅरेजला द्यावीत की घरी करावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठलं काम घरी करावं आणि कुठलं गॅरेजला द्यावं, हे ठरवायचं कसं?

काम सोपं की अवघड, यावरून ठरवू नका. ब्रेक पॅड बदलणं म्हणजे बऱ्याच गाड्यांवर दोन बोल्ट आणि एक पिन, एवढंच काम असतं. पण त्यातली चूक कळते ती ब्रेक दाबायची वेळ आल्यावर. उलट मीटरच्या आतला दिवा बदलायला गाडीचं अर्धं तोंड खोलावं लागतं, जीव मेटाकुटीला येतो, आणि चुकलंच तर दिवा लागत नाही, बस्स.

तेव्हा स्वतःला विचारायचं ते असं: यात चूक झाली तर ती गाडी स्टँडवर असतानाच दिसेल, की वेगात असताना कळेल? स्टँडवर दिसणारी असेल तर काम खुशाल घरी काढा, दुप्पट वेळ गेला तरी बिघडत नाही. वेगात कळणारी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. काम बरोबर झालंय हे पडताळायची रीत मला माहीत आहे का, आणि त्यासाठी लागणारं साधन हाताशी आहे का? दोन्ही असेल तर घरी करा. नसेल तर गॅरेजला द्या, किंवा ते काम आधी केलेला माणूस शेजारी उभा करा.

घरी केल्याने पैसे खरंच वाचतात का?

पहिल्या कामात बहुधा नाही. मजुरी वाचते आणि ती टूल्समध्ये जाते. तेच काम दुसऱ्या-तिसऱ्यांदा आलं की हिशेब फिरतो. म्हणून गाडीच्या आयुष्यात वारंवार येणारी कामं (ऑइल, फिल्टर, चेनची निगा, ब्रेक पॅड, केबल) शिकून घेण्यात अर्थ आहे. आयुष्यात एकदाच होणाऱ्या कामासाठी महागडा पुलर किंवा खास सॉकेट विकत घेणं मात्र हौस झाली. हौस वाईट नाही, फक्त तिला बचत म्हणू नये.

पैशांपेक्षा मोठा फायदा वेगळाच असतो. चाक स्वतः काढणाऱ्याला बेअरिंगचा खडखडाट, घासलेला पॅड, पाझरणारं सील हे सगळं वेळेवर दिसतं.

सुरुवातीला कुठली टूल्स घ्यावीत?

दोनशे नगांची पेटी घेऊ नका. बहुतेक गाड्यांची रोजची कामं ८, १०, १२, १४ आणि १७ मिलीमीटरचे सॉकेट, ४, ५, ६ आणि ८ मिलीमीटरच्या ॲलन की, एक चांगली पक्कड, मल्टिमीटर आणि टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते सांगणारा पाना) एवढ्यात होतात. मागच्या ॲक्सलच्या नटाला मोठा सॉकेट लागतो. तो आपल्या गाडीचं माप बघून वेगळा घ्या. सॉकेट सहा बाजूंचे घ्या. बारा बाजूंचे सॉकेट घट्ट बसलेल्या बोल्टचं डोकं गोल करतात.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जपानी बनावटीच्या गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे असतात. अशा स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. त्यात फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर घातला की तो वर सरकतो आणि फुली खाऊन टाकतो. मग लोक म्हणतात स्क्रू हलक्या दर्जाचा होता. जेआयएसचा ड्रायव्हर घ्या, हा त्रास बराचसा संपतो. आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. वापरणाऱ्यासाठी दिलेली छोटी पुस्तिका नव्हे. मेकॅनिक वापरतात ते जाड पुस्तक.

टॉर्क रेंच हवाच का? मेकॅनिक तर हातानेच आवळतात.

रोज पन्नास बोल्ट आवळणाऱ्याच्या मनगटात अंदाज बसलेला असतो. महिन्यातून एकदा पाना हातात धरणाऱ्याच्या मनगटात तो नसतो, आणि नवख्याची चूक जवळजवळ नेहमी जास्त आवळण्याकडेच झुकते.

आकडे पाहिले की फरक लक्षात येतो. ६ मिलीमीटरचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळतात, ८ मिलीमीटरचा २२ ते २५ च्या आसपास, तर मागच्या ॲक्सलचा नट कित्येक गाड्यांवर ६० ते ११० पर्यंत जातो. १० न्यूटन-मीटर म्हणजे लांब दांड्याच्या पान्याला बोटांनी दिलेला झटका. तिथे पूर्ण हाताचा जोर लावला की इंजिनच्या ॲल्युमिनियममधले आटे सोलून निघतात. बोल्ट पोलादी, आटे ॲल्युमिनियमचे. हार कुणाची होणार हे ठरलेलंच. मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची धातूची स्प्रिंग) बसवणं आलं, आणि ऑइलच्या ड्रेन बोल्टसारख्या पाच मिनिटांच्या कामासाठी गाडी गॅरेजला ढकलत न्यावी लागते.

रेंच दोन घ्यावेत असं माझं मत आहे: एक ५ ते २५ चा, दुसरा त्यापुढे ११० पर्यंतचा. क्लिक होणारे रेंच आपल्या पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला भरवशाचे नसतात, त्यामुळे मोठ्या रेंचने लहान बोल्ट आवळणं हा वेगळाच जुगार होतो. काम झालं की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. आणि आटे कोरडे की तेलकट हे बघा. मॅन्युअलमधला आकडा सहसा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावून तोच आकडा गाठला तर घर्षण कमी झाल्यामुळे बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

अगदी नवखा आहे. कुठून सुरुवात करू?

आरसे, लिव्हर, ग्रिप, हँडगार्ड, सीट, एअर फिल्टर, मोबाइल होल्डर. यातली चूक डोळ्यांना दिसते किंवा हाताला जाणवते. फक्त थ्रॉटलच्या बाजूची ग्रिप बसवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, थ्रॉटल सोडला की आपोआप मागे येतो का ते बघा.

क्रॅश गार्डही घरी बसतो, पण एक पथ्य आहे. बरेच गार्ड इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या बोल्टवरच बसतात. ते बोल्ट एका वेळी एकच काढायचे, गार्डची ती बाजू अडकवायची, मग पुढचा. सगळे एकदम काढले तर इंजिन खाली झुकतं आणि भोकं जुळवण्यात दुपार जाते. इंजिनखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा असू द्या.

हँडल बदलायचं आहे.

हँडलची नळी जिथे पकडली जाते तिथला व्यास आधी मोजा. २२ मिलीमीटर आणि २८.६ मिलीमीटर ही दोन मापं सर्वाधिक आढळतात आणि क्लॅम्प त्याप्रमाणे वेगळे असतात. काम घरी होण्यासारखं आहे. अडचण नंतर येते: हँडल उंच किंवा रुंद झालं की केबल, वायरिंग आणि ब्रेकचा होज (ऑइलची नळी) अपुरा पडतो.

तपासणी अशी करा. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. कुठल्याही टोकाला इंजिनचा आवाज चढला तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. हे न तपासता बाहेर पडलेला माणूस यू-टर्न घेताना गाडी आपोआप पळताना अनुभवतो. ब्रेकचा होज टोकाला ताठ होत असेल तर लांब होज लागणार, आणि मग हे काम ब्रेकचं काम झालं. त्याचे नियम पुढे आहेत.

जादा दिवे, यूएसबी चार्जर, गरम होणाऱ्या ग्रिप: वायरिंग स्वतः करू का?

करू शकता, आणि काळजीपूर्वक केलंत तर घाईत केलेल्या कामापेक्षा चांगलं कराल. उपकरणं बसवून देणाऱ्या दुकानांत फॅक्टरीची वायर सोलून, तिला दुसरी गुंडाळून वर टेप मारण्याची सवय फार. असा जोड पहिल्या पावसाळ्यात काळा-हिरवा पडतो.

आधी गणित करा. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट; १२ व्होल्टवर ते सुमारे ९.२ अँपिअर ओढतात. लहान गाड्यांचा अल्टरनेटर एकूण १५० ते २५० वॉटच्या घरात असतो, आणि त्यातला मोठा वाटा इग्निशन, पेट्रोल पंप आणि हेडलाइट यांनी आधीच घेतलेला असतो. म्हणजे हे दोन दिवे लावून सावकाश शहरात फिरलात तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होणार. एलईडीचे दिवे कमी वॉटवर चालतात, म्हणून तिथे हिशेब सोपा जातो. गरम ग्रिप ३० ते ४० वॉट मागतात.

जोडणीची रीत ठरलेली आहे. बॅटरीच्या प्लसवरून वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, मग रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मग उपकरण. रिलेला इशारा चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीतून द्यायचा, म्हणजे चावी काढली की सगळं बंद. फ्यूज उपकरण वाचवण्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. त्यामुळे फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणं म्हणजे आग लागायची सोय करणं. जोड क्रिंप केलेले, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून बसवलेले, हवेत. सोल्डर केलेली वायर गाडीच्या थरथरीने सोल्डर संपतं तिथेच तुटते. वायर फोर्कच्या मानेजवळून जात असेल तर तिला हँडल वळण्याइतकी ढील ठेवा आणि सायलेन्सरपासून दूर बांधा.

शेवटी मल्टिमीटर लावा. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. गाडी सुरू करून थोडा थ्रॉटल दिला की १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आलं पाहिजे, तेही सगळी उपकरणं चालू असताना. येत नसेल तर काहीतरी काढा. बॅटरी सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.

गाडीत कॅन बस असेल, म्हणजे दिवे-स्विच यांचं बोलणं कंट्रोलरमार्फत होत असेल, तर फॅक्टरीच्या वायरींना हात लावू नका. अशा गाड्या जादा करंट ओळखून एरर दाखवतात किंवा तो सर्किटच बंद करतात. त्यांच्यासाठी वेगळे मॉड्यूल मिळतात. त्यांच्याबाबत जाणकार दुकान बरं.

हॅलोजन काढून एलईडी बल्ब टाकला तर?

बल्ब बसतो, प्रकाश पसरतो भलतीकडे. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचं गणित फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेलं असतं. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता वाटतो तितका दिसत नाही. इंडिकेटर एलईडी केलेत आणि ते वेड्यासारखे भराभर लुकलुकायला लागले, तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) कमी लोडमुळे बल्ब गेलाय असं समजतोय. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाका.

चेन-सेट घरी बदलता येतो का? आणि दातांची संख्या बदलली तर काय होतं?

येतो, पण चेन कुठल्या जोडाची आहे यावर बरंच अवलंबून आहे. लहान गाड्यांना क्लिपचा जोड असतो. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते तिकडे असलं पाहिजे. उलट बसवली तर कशालातरी लागून निघू शकते. मोठ्या गाड्यांना रिव्हेटचा जोड असतो. त्यासाठी रिव्हेट करायचं टूल लागतं आणि रिव्हेटचं फुललेलं डोकं कॅलिपरने मोजावं लागतं. चेन बनवणाऱ्याने ते माप दिलेलं असतं. हातोड्याने ठोकून केलेला रिव्हेट चालतो असं सांगणारे भेटतील. चेन वेगात तुटली तर ती मागचं चाक जाम करते किंवा इंजिनचा केस फोडते. टूल नसेल तर फक्त एवढा जोड गॅरेजमध्ये करून घ्या.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं) एकत्र बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर मरते. जुनी चेन काढण्याआधी पुढच्या स्प्रॉकेटचा नट सैल करून घ्या, मागचा ब्रेक दाबून धरून. चेन निघाल्यावर तो शाफ्ट धरायला काहीच उरत नाही, आणि हे लोकांना नेमकं चेन कापल्यावर आठवतं.

दातांचं गणित गमतीचं आहे. १५ आणि ४५ दातांचं प्रमाण ३. पुढचा एक दात कमी करून १४ केला तर ३.२१. तोच परिणाम मागे साधायचा तर ४५ चे ४८ करावे लागतात, तेव्हा ३.२ येतं. म्हणजे पुढचा एक दात मागच्या साधारण तीन दातांएवढा. ७ टक्के बदल झाला: उचल वाढते, हायवेवर इंजिन जास्त ओरडतं. पुढचा छोटा स्प्रॉकेट स्वस्त आणि पटकन बदलण्याजोगा, म्हणून प्रयोग करायचाच तर तिथून करा. फार लहान केला तर चेन तीव्र वळसा घेते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) प्लास्टिकला घासते. शिवाय ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवरून वेग मोजतो, त्यांचा काटा खोटं बोलायला लागतो.

चेनची ढील किती हवी ते पुस्तकात पाहा. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३५ मिलीमीटरच्या दरम्यान कुठेतरी असते. शंका असेल तर किंचित सैल बरी. ताठ चेन स्वार बसल्यावर आणखी ताठ होते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. स्विंगआर्मवरच्या रेघोट्या दोन्ही बाजूंना जुळल्या म्हणजे चाक सरळ असंही नाही. दोन्ही चाकांना दोरी लावून बघा.

आणि चेन साफ करताना गाडी गिअरमध्ये टाकून, इंजिन चालू ठेवून चाक फिरवणं बंद करा. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि त्यामागून बोटं जातात. चाक हाताने फिरवायचं, इंजिन बंद ठेवून. यात अपवाद नाही.

ब्रेकची कामं घरी करावीत का?

पॅड: शिकून घेऊन, हो. होज आणि मास्टर सिलिंडर (लिव्हर किंवा पेडलजवळचा ब्रेकचा पंप): पहिल्यांदा तरी नाही.

पॅड बदलताना पिस्टन आत ढकलावे लागतात. ढकलण्याआधी त्यांच्या कडेची घाण पुसा, आणि टाकीतली पातळी बघा, कारण ब्रेक ऑइल वर चढून सांडतं आणि ते रंग खातं. काम झाल्यावर लिव्हर पंप करत राहा, ती टणक होईपर्यंत. पिस्टन मागे गेलेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा लिव्हर थेट हँडलला टेकते. हे विसरून बाहेर पडणाऱ्याला पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो. नवे पॅड डिस्कवर बसायला थोडं अंतर लागतं, तोवर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून जाऊ नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून बरेच उत्पादक दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा धरल्यावर किमान १५५. घाटात सतत ब्रेक धरला आणि ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर भुसभुशीत लागते. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलचे, डॉट ५ सिलिकॉनचं. नावं इतकी सारखी ठेवणाऱ्याचं काय करावं कळत नाही, पण डॉट ५ बाकीच्यांत मिसळायचं नाही. झाकणावर लिहिलंय तेच घाला.

स्टीलच्या जाळीचे होज हा चांगला अपग्रेड आहे, लिव्हरला खरोखर नेमकेपणा येतो. पण त्यात संपूर्ण यंत्रणा रिकामी होते, प्रत्येक बँजो बोल्टला (होजच्या टोकाच्या पोकळ बोल्टला) दोन नवे वॉशर लागतात, आणि एबीएस असेल तर काही गाड्यांत पंपातली हवा काढायला निदान-यंत्र जोडून पंप चालवावा लागतो. ते यंत्र नसेल तर घरी कितीही ब्लीडिंग करा (हवा बाहेर काढा), लिव्हर मऊच राहते. हे गॅरेजचं काम.

टायर?

दुकानात. बीड (टायरची रिममध्ये बसलेली कड) तोडणं, रिमवर ओरखडा न पाडता चढवणं, दाब देऊन बसवणं, बॅलन्स करणं, या सगळ्याला यंत्र असतं. चाक घरी काढून नेलंत तर मात्र खर्च वाचतो आणि कुणी तुमचा ॲक्सल इम्पॅक्ट गनने (हवेवर किंवा विजेवर चालणाऱ्या पान्याने) आवळत नाही. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे का हे तिथेच बघा. रुंद टायरचा मोह होतो; अरुंद रिमवर तो चिमटला जाऊन त्याचा आकार बिघडतो आणि गाडी वळायला आळशी होते.

सस्पेन्शन?

नवे पार्ट घेण्याआधी आहे ते नीट लावा. फुकट आहे. मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा, मग नेहमीच्या कपड्यांत स्वतः बसून तेच मोजा. फरक एकूण खेळाच्या पाव ते एक तृतीयांश असावा. नसेल तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली असावी ते ठरवणारी रिंग) फिरवा. कित्येकांना वाटतं शॉक गेले, प्रत्यक्षात ते कधी कुणी त्यांच्या वजनाला लावलेलेच नसतात.

फोर्कचं ऑइल आणि स्प्रिंग बदलणं घरी जमतं, पण वरची टोपी स्प्रिंगच्या दाबाखाली असते. सोडताना चेहरा वर नको. ऑइल मिलिलीटरवर नाही तर पातळीवर मोजा: स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, दोन्ही पायांत सारखं. मागच्या गॅस शॉकमध्ये उच्च दाबाचा नायट्रोजन असतो. तो उघडायचा नाही, सस्पेन्शनवाल्याला पाठवायचा.

सायलेन्सर आणि फिल्टर बदलल्याने ताकद वाढते का?

आवाज वाढतो. ताकद फारशी नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा नुसता डबा बदलला तर वजन कमी होतं आणि पेट्रोल-हवेच्या मिश्रणावर सहसा फार परिणाम होत नाही. पूर्ण सिस्टिम आणि मोकळा फिल्टर दोन्ही लावले तर इंजिन जास्त हवा घेतं आणि पेट्रोल कमी पडतं. ऑक्सिजन सेन्सर संथ, एकसारख्या वेगात ते थोडं सावरतो. पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सहसा आपल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो. कार्ब्युरेटर असेल तर जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) बदलावे लागतात. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), एक्झॉस्टमधलं मिश्रण मोजत केलेलं ट्यूनिंग आणि इंटरनेटवरून उतरवलेली फाइल यांत खूप अंतर आहे. पहिल्याला पैसे द्या.

डबा बसवणं घरी होतं. नवा गॅस्केट घ्या, आणि स्टीलच्या पाइपवरचे बोटांचे ठसे पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी पुसा, नाहीतर ते उष्णतेने कायमचे उमटतात. इंजिनच्या डोक्यावरचे गंजलेले स्टड मात्र जपून. तुटला तर काढायला ड्रिलवाला माणूस लागतो. आवाजाचे आणि धुराचे नियम गाडी जिथे नोंदवली आहे तिथले लागू होतात, ते आधी वाचा.

इंजिन उघडावं का?

क्लच प्लेट, हो. नव्या प्लेट बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये काही तास भिजवा, आणि ऑइल जेएएसओ एमए दर्जाचं (ओल्या क्लचच्या मोटरसायकलसाठीचं जपानी मानक) घाला. कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी ओला क्लच घसरतो. व्हॉल्व्हची फट तपासणं थंड इंजिनावर, फिलर गेजने, धीर असेल तर. कॅम काढून शिम (फट ठरवणाऱ्या चकत्या) बदलणं मात्र वेगळं काम आहे: टायमिंग चेन दोन-तीन दात सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. मोठा पिस्टन, पोर्टिंग (इंजिनच्या हवेच्या वाटा कोरणं) वगैरे गॅरेजलाही नाही, खास इंजिनवाल्याला द्या.

वॉरंटी आणि विम्याचं काय?

दोन्हीचे कागद काम सुरू करण्याआधी वाचा. वॉरंटीत असलेल्या गाडीच्या वायरिंगला आणि ईसीयूला हात लावणं सर्वांत महाग पडतं, कारण पुढचा कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड त्याच्याच नावावर जातो. बदल विमा कंपनीला लेखी कळवा. स्वतः केलेल्या कामाची तारीख, किलोमीटर आणि पार्टचं बिल वहीत ठेवा. गाडी विकतानाही ती वही उपयोगी पडते.

पार्ट स्वतः आणून गॅरेजमध्ये बसवून घेतला तर?

आधी विचारा. अनेक मेकॅनिक नाही म्हणतात आणि त्यांचं चुकत नाही: पार्ट फसला तर दोष कुणाचा, यावरून भांडण ठरलेलं. ते हो म्हणाले तर मजुरीची जबाबदारी त्यांची आणि पार्टची तुमची, हे दोघांनी बोलून घ्या.

चांगलं गॅरेज ओळखायचं कसं?

काढलेले जुने पार्ट न मागता दाखवतात का? जॉब कार्डवर काम लिहून देतात का? तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल त्यांच्याकडे आहे का? ॲक्सलचा नट इम्पॅक्ट गनने घुसवून गाडी देतात, की शेवटी टॉर्क रेंच लावतात? 'हे काम आम्ही करत नाही, अमक्याकडे जा' असं म्हणणारा मेकॅनिक सापडला तर त्याला सोडू नका.

अर्धं काम घरी आणि अर्धं गॅरेजमध्ये, असं चालतं का?

चालतं, आणि बहुतेकांसाठी हाच उत्तम मार्ग आहे. फोर्कचे पाय काढून न्या, तेलाचं सील ते बदलतील. सीट, टाकी, फेअरिंग घरी उतरवणं हा मजुरीतला मोठा भाग असतो. अडचण एवढीच की अर्धी खोललेली गाडी उभी करायला जागा हवी, आणि काढलेल्या स्क्रूंची वेगवेगळी पुडी करून वर नाव लिहायची शिस्त हवी. फोटो काढत चला. वायर कुठल्या बाजूने गेली होती हे स्मरणशक्ती चुकीचं सांगते.

व्हिडिओ बघून शिकता येतं का?

कामाचा क्रम कळतो. आकडे मात्र मॅन्युअलमधूनच घ्या. व्हिडिओतली गाडी तुमच्याच वर्षाची आहे याची खात्री नसते. आणि गंजलेला बोल्ट न निघणं, हा कामातला खरा वेळखाऊ भाग, व्हिडिओत सहसा कापलेला असतो.

मधेच अडकलो तर?

थांबा. बोल्ट निघत नसेल तर भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी उष्णता द्या (पेट्रोलची टाकी आणि नळ्या दूर असतील तरच, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते), नाहीतर इम्पॅक्ट ड्रायव्हर. लाल थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा डिंक) लावलेला असेल तर तो तापवल्याशिवाय सुटत नाही, जोर वाढवून फक्त डोकं तुटतं. यानंतरही नाही निघालं तर गॅरेज. तुटलेला बोल्ट काढण्यापेक्षा न तुटलेला काढणं मेकॅनिकला केव्हाही सोपं. लांबच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी कुठलंही काम सुरू करू नका, हे यात आलंच.

घरी काम झालं. आता लगेच फिरायला निघू?

आधी स्टँडवर. दोन्ही ब्रेक दाबून चाक थांबतं आणि सोडल्यावर मोकळं फिरतं का, हँडल दोन्ही टोकांपर्यंत अडकत नाही ना, दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट. ज्या बोल्टला हात लावला तो आवळल्यावर बोल्टपासून पृष्ठभागापर्यंत रंगाच्या पेनाने एक रेघ ओढा. नंतर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. कॉटर पिन असेल तर नवी घाला, जुनी सरळ करून वापरू नका.

मग मोकळ्या रस्त्यावर, पायी चालण्याच्या वेगात पुढचा ब्रेक, मग मागचा. ठीक वाटलं तर हळूहळू वेग वाढवत दहा-पंधरा मिनिटं. परत येऊन तेलाचा थेंब, गरम झालेली डिस्क, सैल झालेली क्लिप बघा. साधारण शंभर किलोमीटर झाले की रेघा पुन्हा तपासा आणि चेनची ढील मोजा. नवी चेन सुरुवातीला थोडी सैल पडते.